शॉर्टकट ऑपरेटरचे की दुकानाचे?



या वेळच्या व्हिडिओत मी कोरलड्रॉमधले कीबोर्ड शॉर्टकट कसे बदलायचे ते स्क्रीनवर दाखवलं आहे. दाखवायला दहा मिनिटं पुरतात. पण ते का बदलायचे, किती बदलायचे आणि दुकानात ते बदलायचा हक्क कोणाचा, हे व्हिडिओत बोलायचं राहून गेलं, म्हणून हे लिहिते आहे. शिवाय मला माझंच एक जुनं वाक्य मागे घ्यायचं आहे. तीन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओत मी छातीठोकपणे म्हणाले होते, "सगळे शॉर्टकट आपल्या हाताला सोयीचे करून घ्या, बिनधास्त." त्यातलं ते "बिनधास्त" मला ८,४०० रुपयांना पडलं.

गोष्ट लग्नसराईतली आहे. आमच्याकडे सहा वर्षं एक ऑपरेटर होता. आता त्याचं स्वतःचं दुकान आहे, शेजारच्या तालुक्यात, आणि छान चाललंय. हात असा की गिऱ्हाईक खुर्चीवर टेकेपर्यंत बॅनरचा साचा तयार. उजवा हात माऊसवर आणि डावा हात कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात. तो कोपरा सोडायचाच नाही. त्यासाठी त्यानं कोरलमधली बरीच बटणं फिरवून घेतली होती. ग्रुप करायचं कंट्रोल जी त्याला लांब पडायचं, म्हणून ग्रुप त्यानं कंट्रोल क्यूवर आणून ठेवलं. आणि कंट्रोल क्यूवर मुळात जे असतं, म्हणजे अक्षरं कर्व्ह करणं, ते वरच्या एफ-बटणांपैकी एकावर ढकललं. त्याला सगळं पाठ होतं. आम्हाला कोणाला पत्ताही नव्हता, कारण त्या कॉम्प्युटरवर दुसरं कोणी बसायचंच नाही.

मार्गशीर्षात तो गेला. त्याच्या जागी एक नवी मुलगी आली. डीटीपीचा कोर्स केलेली, कोरल व्यवस्थित शिकलेली, पण कंपनीकडून जसं येतं तसं शिकलेली. दुसऱ्याच आठवड्यात ६०० पत्रिकांचं काम आलं. प्रूफ व्हॉट्सॲपवर गेलं, वधूपित्यानं दोनदा वाचून "ओके" पाठवलं. तिनं सगळं सिलेक्ट केलं, कंट्रोल क्यू मारलं, सेव्ह केलं आणि फाईल ऑफसेटवाल्याकडे धाडून दिली. तिच्या हिशेबाने फाईल कर्व्ह झाली होती. प्रत्यक्षात नुसता ग्रुप झाला होता. स्क्रीनवर दोन्हीत काडीचा फरक दिसत नाही.

नवीन लोकांसाठी सांगते. कर्व्ह करणं म्हणजे अक्षराचं अक्षरपण काढून त्याची नुसती आकृती करून टाकणं. मग समोरच्याकडे तो फॉन्ट असो वा नसो, छापताना तीच आकृती येते. आपल्याकडे पत्रिका अजून जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये लागतात. त्या फॉन्टमध्ये आतून इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात. दुसऱ्या फॉन्टमध्ये ती फाईल उघडली तर नुसतं वळण बदलत नाही, अक्षरच बदलू शकतं. ऑफसेटवाल्याकडे त्याच नावाचा फॉन्ट होता, पण आवृत्ती वेगळी. त्यामुळे त्याच्या कॉम्प्युटरने काही तक्रारही केली नाही. जवळजवळ सगळी पत्रिका बरोबर आली. दोन जोडाक्षरं तेवढी बदलली, आणि त्यातलं एक वधूच्या कैलासवासी आजोबांच्या नावातलं.

वधूपिता पहिली पत्रिका ग्रामदैवतापुढे ठेवायला गेले, तेव्हा त्यांना ते दिसलं. दुकानात आले, ओरडले नाहीत. म्हणाले, "ताई, वडील असते तर हसले असते. पण पाहुणे हसतील ना." त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

कोरं कार्ड, छपाई, मजुरी असं सगळं धरून १४ रुपयांची एक पत्रिका. सहाशे पुन्हा छापून दिल्या. आता यात चूक कोणाची? मुलीची मी धरत नाही, तिनं जगभर जे बटण त्या कामाचं आहे तेच दाबलं. छापून आलेली पहिली प्रत मी स्वतः वाचायला हवी होती, ती मी वाचली नाही. आणि जुन्या ऑपरेटरला मी रागानं फोन लावला, तर तो शांतपणे म्हणाला, "ताई, मी काय लपवलं नव्हतं. तुम्ही कधी विचारलंच नाही."

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात आहे. शॉर्टकट आपण ऑपरेटरची खासगी हुशारी समजतो. माझं मत आता असं आहे की मजूर ठेवून चालणाऱ्या दुकानात शॉर्टकट ही दुकानाची व्यवस्था आहे, गल्ल्याच्या किल्लीसारखी. ती कोणाकडे आहे, कुठे ठेवली आहे, तिची दुसरी प्रत कुठे आहे, हे मालकाला माहीत पाहिजे.

याचा अर्थ शॉर्टकट वापरू नका असा काढू नका. उलट माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी पहिले दोन दिवस माऊसला जास्त हात लावू देत नाही. आपला धंदा समोर गिऱ्हाईक बसवून करायचा धंदा आहे. एका पत्रिकेला दीडशे कमांड लागतात असं धरा. मेनूत जाऊन एक कमांड शोधायला चार सेकंद, बटणाने एक. म्हणजे एका पत्रिकेमागे साडेसात मिनिटं. दिवसाला आठ कामं असतील तर एक तास वाचला. हा हिशेब कागदावर छान दिसतो, पण मला वाटतं खरा फायदा वेगळाच आहे. शेजारी बसलेलं गिऱ्हाईक जितका वेळ स्क्रीनकडे बघत बसतं तितक्या त्याला सूचना सुचतात. "जरा मोठं करा." "आता जरा लहान करा." "दाजींचा फोटो वर घ्या." तुम्ही मेनूत "अलाइन" शोधत असता तेवढ्यात शेजारचा मेहुणा म्हणतो, रंगच बदला. हात भराभर चालला की त्याला वाटतं याला काम येतं, आणि तो चहा प्यायला बाहेर जातो. तेवढ्यात तुम्ही काम संपवता.

कोरलमध्ये आपल्या कामाला किती शॉर्टकट लागतात? यादी काढली तर शेकड्यात जाते, पण पत्रिका, बॅनर, व्हिजिटिंग कार्ड आणि बिलबुक करणाऱ्याला रोज पंधरा-वीस पुरतात. कंट्रोल जी ग्रुप, कंट्रोल यू अनग्रुप. कंट्रोल एल कंबाईन, कंट्रोल के ब्रेक अपार्ट. कंट्रोल क्यू कर्व्ह. बॉर्डरची आकृती करायची तर कंट्रोल शिफ्ट क्यू. शिफ्ट धरून पेज अप म्हणजे सगळ्यात वर, पेज डाऊन म्हणजे सगळ्यात खाली. एफ-४ ने पानावरचं सगळं एका नजरेत, शिफ्ट एफ-२ ने निवडलेलं तेवढं जवळ. एफ-१० शेप टूल, एफ-८ टेक्स्ट, एफ-१२ आऊटलाईन. बारा बाय अठराच्या शीटवर व्हिजिटिंग कार्डं बसवताना कंट्रोल शिफ्ट डी उघडून किती अंतरावर किती प्रती ते आकडे टाकायचे. माऊसने ओढून अंदाजाने कार्डं लावणारे लोक मी बघते तेव्हा मला कटिंगवाल्याची दया येते.

जागच्या जागी दुसरी प्रत पाहिजे असेल तर उजवीकडच्या आकड्यांच्या भागातलं अधिकचं बटण दाबायचं. हे माझं सगळ्यात आवडतं. आणि हेच बटण छोट्या लॅपटॉपवर नसतं! लॅपटॉपवर धंदा सुरू करणाऱ्यांनी आकड्यांचा भाग असलेला एक साधा वायरचा कीबोर्ड वेगळा घ्या. लॅपटॉपची एफ-बटणं बऱ्याचदा आवाज आणि उजेड कमीजास्त करायला लावून दिलेली असतात, ती कटकटही मिटते.

मग अलाइनची एकेरी अक्षरं. पी दाबलं की पानाच्या मधोमध. सी ने वस्तू एकाखाली एक मध्यावर येतात, ई ने एका आडव्या ओळीत. एल, आर, टी, बी म्हणजे डावी, उजवी, वरची, खालची कड. यात एक गोष्ट शिकवताना नेहमी राहून जाते: शेवटी ज्या वस्तूवर क्लिक केलं तिला बाकीच्या जाऊन जुळतात. म्हणून जी हलायला नको ती शेवटी निवडायची.

ही एकेरी अक्षरं जितकी सोयीची तितकीच धोक्याची आहेत. कर्सर अक्षरांत लुकलुकत असताना पी दाबलं तर पान मधोमध येत नाही, पी टाईप होतो. इंग्रजी मजकुरात तो लगेच डोळ्यात भरतो. मराठी फॉन्टमध्ये त्याच पीचं एखादं देवनागरी अक्षर किंवा नुसती मात्रा होते आणि नावाच्या शेवटी गुपचूप चिकटून बसते. म्हणून टेक्स्टमधून बाहेर पडायची सवय आधी लावा. कंट्रोल धरून स्पेस दाबला की पिक टूल हातात येतं, मग अक्षरी बटणं दाबा. आणि याच कारणासाठी स्वतःचे नवीन शॉर्टकट बनवताना नुसतं एक अक्षर कधीही देऊ नका. बरोबर कंट्रोल, शिफ्ट किंवा ऑल्ट असू दे. त्यातही नुसतं ऑल्ट आणि एक अक्षर टाळलेलं बरं, कारण ऑल्ट एफने फाईलचा मेनू उघडतो, ऑल्ट ईने एडिटचा.

आता बदलण्याबद्दल. बदलणं म्हणजे दोन वेगळी कामं आहेत आणि आपण ती एकच समजतो. एक, ज्या कमांडला बटणच नाही तिला बटण देणं. दोन, एकाचं बटण काढून दुसऱ्याला देणं. पहिलं जरूर करा. दुसरं दुकानात करू नका, हे माझं आजचं मत.

पहिल्याचं उदाहरण पॉवरक्लिप. नवरा-नवरीचे फोटो गोलात बसवायचे, नेत्याचा फोटो बॅनरच्या चौकटीत घालायचा, दिवसातून तीस वेळा लागणारी गोष्ट, आणि तिला कोरलमध्ये तयार शॉर्टकट नाही. वेल्ड, ट्रिम यांनाही नाही. उजव्या बटणाने फोटो ओढून चौकटीवर सोडला तर पॉवरक्लिप इनसाईड असा पर्याय येतो, पण त्यातही क्लिक आलाच. तर टूल्समधून ऑप्शन्स, तिथून कस्टमायझेशन, त्यात कमांड्स. वर शोधायच्या जागी कमांडचं नाव टाका, ती निवडा, शॉर्टकट कीजच्या टॅबवर जा, नव्या शॉर्टकटच्या रकान्यात क्लिक करून पाहिजे ते बटण दाबा. आवृत्तीप्रमाणे या गोष्टींची जागा थोडी इकडेतिकडे असते. इथे थांबा. ते बटण आधीच कोणाला दिलेलं असेल तर त्याचं नाव तिथेच खाली दिसतं. नाव दिसलं की ते बटण सोडा आणि दुसरं शोधा. काही दिसलं नाही तरच असाईन दाबा. आमच्या ऑपरेटरने हे नाव पाहिलं होतं. त्याने पाहून तरीही असाईन केलं, कारण त्याच्यापुरतं ते बरोबरच होतं.

दुसऱ्या प्रकाराला माझा विरोध का, ते कट-कॉपी-पेस्टकडे बघून कळेल. आपण कॉपीला झेरॉक्स म्हणतो ना, त्याच झेरॉक्स कंपनीच्या अमेरिकेतल्या पालो अल्टोच्या संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी जिप्सी नावाचा एक एडिटर बनवला. कट-कॉपी-पेस्टची आजची पद्धत तिथे रुजली. पुढे १९८३ साली आलेल्या ॲपलच्या लिसा कॉम्प्युटरवर झेड, एक्स, सी, व्ही ही चार बटणं त्यासाठी होती. आज तुम्ही बँकेत, शाळेत, सायबर कॅफेत, कुठल्याही कॉम्प्युटरवर बसा, कंट्रोल सी म्हणजे कॉपीच. व्ही म्हणजे पेस्ट हे अक्षरावरून कुठे कळतं? तरी ते चालतं, कारण ते सगळीकडे तेच आहे. तुमच्या दुकानातलं कंट्रोल क्यू शेजारच्या दुकानातल्या कंट्रोल क्यूसारखं असेल तर उद्या येणारं माणूस पहिल्या तासाला कामाला लागतं. सीझनमध्ये दोन दिवसांसाठी कोणी मदतीला बोलावलं तरी अडत नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये बटणं कुठे सारखी आहेत? नाहीतच. कोरलमध्ये कंट्रोल क्यू म्हणजे कर्व्ह, फोटोशॉप आणि इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल क्यू म्हणजे सॉफ्टवेअर बंद. कोरलमध्ये कंट्रोल डी म्हणजे डुप्लिकेट, फोटोशॉपमध्ये डिसिलेक्ट. कोरलमध्ये कंट्रोल यूने ग्रुप सुटतो, फोटोशॉपमध्ये रंगांची खिडकी उघडते, इलस्ट्रेटरमध्ये ग्रुप सोडायला कंट्रोल शिफ्ट जी लागतं. फोटो साफ करून कोरलमध्ये आलेला माणूस पहिली पाच मिनिटं चुकीचीच बटणं दाबतो, मीही दाबते. म्हणून अनेकांना वाटतं, एकदाच बसून सगळं सारखं करून टाकावं. कोरलमध्ये इलस्ट्रेटरसारखी मांडणीसुद्धा तयार मिळते.

तुम्ही घरी एकटे बसून, ऑनलाईन कामं घेऊन डिझाईन करत असाल आणि दोन्ही सॉफ्टवेअर रोज वापरत असाल, तर करा खुशाल. तुमचा कॉम्प्युटर तुमचाच आहे. पण ज्या दिवशी तुम्ही दुसरी खुर्ची आणून ठेवाल त्या दिवशी हा हिशेब बदलतो. नवीन माणूस कोरल शिकून येणार, तुमचं कोरल शिकून येणार नाही.

(जाता जाता: भांडवल नाही म्हणून चोरीच्या सॉफ्टवेअरवर धंदा उभा करू नका. इंकस्केप फुकट आहे, आणि त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये कीबोर्डच्या पानावर कोरलसारखी आणि इलस्ट्रेटरसारखी बटणं तयार निवडता येतात. ऑफसेटवाला सीडीआर मागतो हे मला माहीत आहे, पण पीडीएफ न घेणारे आता कमी होत चाललेत.)

जुन्या ऑपरेटरशी माझं फोनवर पुढे बरंच बोलणं झालं. तो म्हणाला, "ताई, माझा हात हीच माझी इस्टेट. ती तुमच्या दुकानात ठेवून कसा जाऊ? आणि तुमच्यासाठी मी हळू का काम करायचं?" यातला दुसरा प्रश्न मला लागला, कारण तो खरा आहे. त्याच्या वेगावर मी सहा सीझन काढले. त्याने बटणं फिरवली म्हणूनच रात्री अकराला येणारं वाढदिवसाचं बॅनर सकाळी सहाला चौकात लागायचं. त्या वेळी मी त्याचा पगार वेगाच्या हिशेबाने वाढवला होता का? थोडा. वेगाच्या मानाने थोडा. मालक मंडळींना हे वाचायला आवडणार नाही, पण ऑपरेटर शॉर्टकट लपवतात अशी तक्रार करणाऱ्या बऱ्याच दुकानांत पगार बघितला की कारण कळतं. सगळ्यांना येणाऱ्या कामाचे पैसे मिळत नाहीत, म्हणून माणूस आपल्यालाच येणारं काहीतरी राखून ठेवतो.

त्यामुळे "कोणी काही बदलायचं नाही" असा फतवा मी काढला नाही. मी शोधत होते ती सोय कोरलमध्येच होती, मला ती वापरायची अक्कल नव्हती इतकंच. वर्कस्पेस. शॉर्टकट हे वर्कस्पेसबरोबर साठवले जातात. वर्कस्पेसच्या पानावर नवीन वर्कस्पेस बनवता येतो, त्याला नाव देता येतं, आणि एका कॉम्प्युटरवर कितीही ठेवता येतात. आमच्याकडे आता "दुकान" नावाचा एक वर्कस्पेस आहे. त्यात मूळ बटणं जशीच्या तशी आणि आमची सात बटणं वरून जोडलेली: पॉवरक्लिप, वेल्ड, ट्रिम, दोन्ही बाजूंचे मिरर, बिटमॅप करणं आणि लॉक. ज्याला स्वतःच्या हाताप्रमाणे बदल करायचा त्याने स्वतःच्या नावाचा वेगळा वर्कस्पेस बनवायचा आणि उठताना "दुकान" निवडून उठायचं. हात त्याचा त्याच्याकडे राहतो, खुर्ची दुकानाची राहते.

फोटोशॉपमध्येही असंच आहे. एडिटच्या मेनूत कीबोर्ड शॉर्टकट्स उघडलं की बदल वेगळ्या नावाच्या सेटमध्ये सेव्ह करता येतात. मूळ सेट शाबूत राहतो.

वर्कस्पेस बनवून झाला की तो एक्स्पोर्ट करून फाईल पेन ड्राईव्हवर आणि गूगल ड्राईव्हवर, दोन्हीकडे ठेवा. हे आळसाने राहतं आणि मग रडायची वेळ येते. कोरल अडकायला लागलं की दुरुस्तीवाला पहिला इलाज काय करतो? एफ-८ दाबून धरून कोरल सुरू करतो. त्याने वर्कस्पेस मूळ पदावर येतो, कोरल सुरळीत चालतं, आणि तुम्ही बसवलेली बटणं पुसली जातात. दुरुस्तीवाल्याची त्यात चूक नाही, त्याच्या दृष्टीने कॉम्प्युटर बरा झाला. आमच्याकडे फाईल होती म्हणून दोन मिनिटांत इम्पोर्ट केली.

कागदावरही उतरवा. कस्टमायझेशनच्या त्याच पानावर व्ह्यू ऑल आहे. त्यात सगळ्या शॉर्टकटची यादी दिसते, छापता येते, एक्सेलमध्ये उघडेल अशी काढताही येते. नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी ही यादी त्याच्या हातात. आणि जुना माणूस जायला निघाला की शेवटच्या आठवड्यात त्याच्याबरोबर चहा घेऊन बसा आणि विचारा, बाबा, तू काय काय बदललंस? मी हा प्रश्न सहा वर्षांत एकदाही विचारला नाही.

आता छापायला जाणाऱ्या फाईलचा मुद्दा. कितीही व्यवस्था लावली तरी बटणावर विश्वास ठेवून फाईल पाठवायची नाही, हा आमचा नवा नियम. कर्व्ह केल्यावर एखादं अक्षर निवडून खालच्या स्टेटस बारकडे बघायचं. तिथे कर्व्ह लिहिलेलं पाहिजे. आर्टिस्टिक टेक्स्ट आणि फॉन्टचं नाव दिसलं तर झालेलं नाही. ग्रुप दिसला तर आधी ग्रुप सोडा आणि मग बघा, आमचा घात तिथेच झाला होता. किंवा फाईलच्या मेनूत डॉक्युमेंट प्रॉपर्टीज उघडा, फाईलमध्ये कोणते फॉन्ट आहेत ते तिथे कळतं. पीडीएफ करत असाल तर तिच्या सेटिंगमध्ये सगळं टेक्स्ट कर्व्ह म्हणून काढायचा पर्याय आहे, तो लावा. आणि कर्व्ह करण्याआधीची फाईल वेगळ्या नावाने ठेवायला विसरू नका. लग्नाची तारीख पुढे गेली की गिऱ्हाईक पुन्हा येतं, आणि कर्व्ह झालेल्या पत्रिकेत तारीख बदलणं म्हणजे नव्याने पत्रिका करणं.

ती मुलगी अजून आमच्याकडेच आहे. पत्रिकेच्या त्या प्रकारानंतर दुसऱ्या दिवशी येते की नाही अशी मला धाकधूक होती, पण आली, आणि पहिलं काम तिने काय केलं असेल तर वहीत आडव्या-उभ्या रेघा मारून त्या कॉम्प्युटरवरची एकेक बटणं दाबून कोणतं काय करतं ते लिहून काढलं. भिंतीवरचा पहिला तक्ता तोच. पुढे आम्ही तो टाईप केला. गेल्या महिन्यात तिने स्वतःचा वर्कस्पेस मागून घेतला. डावरी आहे ती. तिची बटणं कीबोर्डच्या उजव्या अंगाला आहेत आणि मला तिच्या खुर्चीवर बसून तिच्या वर्कस्पेसमध्ये एक ओळसुद्धा सरळ करता येत नाही. "दुकान" निवडलं की येते.

आमच्या तक्त्याची पीडीएफ व्हिडिओखाली ठेवली आहे. त्यातली सात बटणं आमच्या कामाची आहेत. तुम्ही स्टॅम्प, मग, टी-शर्टची कामं करत असाल तर तुमची वेगळी निघतील, ती जागा मोकळी सोडली आहे. छापाल तेव्हा ए-फोरवर छापून लॅमिनेट करा. आमचा पहिला तक्ता तीन आठवड्यांत चहाच्या डागांनी वाचेनासा झाला होता.